बघे आणि प्रेक्षक

मराठीत पाहणाऱ्यासाठी दोन शब्द आहेत: प्रेक्षक आणि बघ्या. प्रेक्षक हा मानाचा शब्द आहे. त्याच्यासाठी खुर्च्या मांडल्या जातात, पडदा उघडला जातो, खेळ संपल्यावर त्याचे आभारही मानले जातात. बघ्याला मात्र कुणी बोलावलेले नसते. विहिरीत कुणी पडले, रस्त्यात दोन गाड्या धडकल्या, कुणाच्या दारात भांडण पेटले की तो तिथे आपोआप उगवतो आणि प्रकरण निस्तरण्याची वेळ आली की तसाच नाहीसा होतो. एखाद्या संस्थेने 'बघ्याची भूमिका घेतली' असे वर्तमानपत्र लिहिते तेव्हा ती निंदा असते. 'प्रेक्षकांनी गर्दी केली' ही मात्र स्तुती ठरते. दोघेही करतात ते एकच, बघतात. मग त्यांच्यात नेमका फरक कुठे पडतो?

हा प्रश्न आम्हांला पडला तो गेल्या काही दिवसांत सवडीने पाहिलेल्या चार चित्रपटांमुळे. आम्ही चित्रपटाचे अभ्यासक नव्हे. कॅमेऱ्याची भिंगे, संकलनाचे प्रकार, महोत्सवांची वर्तुळे यांविषयी अधिकाराने बोलणारे पुष्कळ आहेत. आम्ही साहित्य वाचणारी, शिकवणारी माणसे. चित्रपट पाहतो ते फावल्या वेळी, आणि त्यांच्याविषयी बोलतो तेही वाचकाच्याच सवयीने. मात्र हे चार चित्रपट एका धाग्याने जोडलेले आहेत. चौघांचेही काही ना काही नाते आजच्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याशी आहे. 'फॅंड्री'च्या कथेतले गाव नगरजवळचे अकोळनेर. 'ख्वाडा'चे दिग्दर्शक भाऊराव कऱ्हाडे श्रीगोंदा तालुक्यातले. 'सामना'चे निर्माते रामदास फुटाणे जामखेडचे. आणि 'साबर बोंडं' घडतो तो संगमनेर तालुक्यातल्या खर्शिंदे गावात. एकाच जिल्ह्याच्या मातीतून आलेली ही चार चित्रे लागोपाठ पाहिली तेव्हा जाणवले, की त्यांचे खरे पात्र नायकही नव्हे आणि गावही नव्हे. ते पात्र म्हणजे भोवती उभे राहून बघणारी माणसे.

'फॅंड्री' १४ फेब्रुवारी २०१४ रोजी प्रदर्शित झाला. त्याचे दिग्दर्शक नागराज मंजुळे मूळचे सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरचे, पण चित्रपटाची अक्षरे त्यांनी गिरवली ती नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात. या चित्रपटाविषयी आजवर एवढे लिहिले गेले आहे, की त्याची कथा नव्याने सांगणे अनावश्यक आहे. कैकाडी कुटुंबातला जब्या, वर्गातली शालू, तिला वश करण्यासाठी हवी असलेली काळी चिमणी, आणि बापाच्या माथी आलेले डुकरे धरण्याचे काम, एवढे स्मरण पुरे. चर्चा बहुधा जब्याच्या प्रेमाची होते, शेवटच्या दगडाची होते. आम्हांला या वेळी अधिक वेळ खिळवून ठेवले ते डुक्कर धरण्याच्या दीर्घ प्रसंगाने. मधोमध कचरूचे सारे कुटुंब चिखलाकाट्यांतून धावते आहे, आणि कडेला गाव उभे आहे. गाव हसते, टोमणे मारते, एखादा सामना रंगावा तशी त्या धावपळीची मौज घेते. इथे कुणी काठी उगारत नाही, कुणी घर जाळत नाही. जे घडते ते एवढेच, की काही माणसे एका कुटुंबाकडे बघतात. जब्या आडोसा शोधत लपतो तो डुकराला भिऊन नव्हे; वर्गातल्या मुलांना, आणि मुख्य म्हणजे शालूला, आपण दिसू नये म्हणून. त्याला मार चुकवायचा नसून नजर चुकवायची आहे.

याच प्रसंगात शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते. जब्या जागच्या जागी ताठ उभा राहतो, पाठोपाठ घरची माणसेही थबकतात, आणि हाताशी आलेले डुकर निसटते. या जागी हसू येते आणि लगेच घशात अडकते. पुढे धरलेले डुकर काठीला बांधून हे लोक शाळेच्या भिंतीवरून नेतात. त्या भिंतीवर आंबेडकर आहेत, सावित्रीबाई आणि जोतीराव आहेत, गाडगेबाबा आहेत. भिंतीवरची माणसेही बघतच असतात. पण त्यांना तिथे रंगवून ठेवणाऱ्यांनी त्यांच्या बघण्याला काही अर्थ उरू दिलेला नाही. शेवटी जब्याच्या हातून दगड सुटतो आणि तो पडद्यावरून थेट आपल्या दिशेने येतो. त्यास बंडाचे प्रतीक म्हणण्याची पद्धत आहे. आम्हांला ते विधान अपुरे वाटते. प्रतीकापेक्षा तो हिशेब अधिक आहे. अर्धा तास आपणही त्या कडेच्या गर्दीसारखेच एका कुटुंबाची धावपळ पाहत होतो. आपण तिकीट काढले होते एवढाच फरक. दिग्दर्शक तो फरक मान्य करीत नाही.

'ख्वाडा' २२ ऑक्टोबर २०१५ रोजी चित्रपटगृहांत आला. त्याआधीच बासष्टाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत दिग्दर्शक कऱ्हाडे यांचा विशेष उल्लेख झाला होता, आणि स्थळावरच्या ध्वनिमुद्रणासाठी महावीर सब्बनवाल यांना पुरस्कार मिळाला होता. हा दुसरा पुरस्कार किती यथार्थ आहे हे डोळे मिटून काही मिनिटे चित्रपट ऐकला तरी कळते. मेंढरांची चाल, कुत्र्यांचे भुंकणे, रानातला वारा, बिऱ्हाड उचलतानाची हाकाटी, हे सारे जिथल्या तिथे टिपलेले आहे. वनखात्याकडे गेलेल्या आपल्या जमिनीसाठी वर्षानुवर्षे झगडणारा रघू हा धनगर, आणि या फिरस्तीला कंटाळून एका जागी राहू पाहणारा, कुस्तीची हौस असणारा त्याचा धाकटा मुलगा बाळू. शशांक शेंडे यांनी रघूच्या बोलण्यात आणलेला थकवा आणि हट्ट यांचे मिश्रण विसरण्याजोगे नाही.

मेंढपाळ शेतात बसतो तोवर तो शेतकऱ्याला हवा असतो. मेंढरांच्या लेंडीखताने जमीन सुधारते. खत मिळाले की त्याने पुढे निघावे अशी अपेक्षा असते. गाव त्याला ओळखते, पण आपला मानत नाही. ही व्यवस्था 'ख्वाडा'च्या पूर्वार्धात फार संयमाने उलगडते. उत्तरार्धात मात्र गावगुंड सरपंच आणि मानी तरुण अशी सरळ झुंज लागते, आणि आमची तक्रार आहे ती तिथे. खलनायक सापडला की बघणाऱ्याची सुटका होते. सारा दोष एका माणसाच्या अंगी चिकटतो. त्याला धडा मिळताना आपण मनातल्या मनात शाबासकी देतो आणि उजळ माथ्याने बाहेर पडतो. रघूची जमीन गेली ती मात्र कुणा एका दुष्ट माणसाने हिसकावली म्हणून नव्हे. ती कागदांत गेली, तारखांत गेली, आणि कागदांवर मिशा पिळणारा सरपंच कुठे दाखवणार? 'ख्वाडा' ज्या गोष्टीपासून सुरू होतो ती शेवटाच्या धुमश्चक्रीहून कितीतरी मोठी आहे. चित्रपट चांगला आहे, म्हणूनच ही हळहळ.

हे झाले पडद्यावरचे. पडद्याबाहेरची एक घटना सोडून या चित्रपटांविषयी बोलणे आम्हांला अप्रामाणिकपणाचे वाटते. 'फॅंड्री' प्रदर्शित झाला त्याला अडीच महिनेही झाले नव्हते, तेव्हा २८ एप्रिल २०१४ रोजी याच जिल्ह्यातल्या जामखेड तालुक्यात, खर्डा येथे, सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. वरच्या जातीतल्या मुलीशी तो बोलत होता, या संशयावरून त्याला मारण्यात आले असा आरोप होता. खर्डा हे नाव आमच्या पिढीने शाळेत पाठ केले ते १७९५ सालच्या मराठे आणि निजाम यांच्या लढाईसाठी. आता त्या नावाला दुसरी तारीखही जोडली गेली आहे, पण ती कुणी पाठ करून घेत नाही. पुढे खटला चालला. अनेक साक्षीदार फितूर झाले, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या सत्र न्यायालयाने आरोपींची निर्दोष मुक्तता केली. न्यायालयाने ज्यांना सोडले त्यांना इथे बसून दोषी ठरवण्याचा अधिकार आम्हांला नाही. पण मुलगा मारला गेला याविषयी वाद नाही. आणि 'फितूर' या शब्दाचा अर्थ काय, हेही सर्वांना ठाऊक आहे. ज्यांनी आधी आपण पाहिले असे सांगितले होते, त्यांनी नंतर पाहिलेच नाही असे सांगितले.

बघ्याची ही अखेरची अवस्था आहे. आधी तो बघतो, मग तो काही बघितले नव्हते असे म्हणतो. त्यामागे भीती असेल, दबाव असेल, त्याच गावात उद्या राहायचे आहे ही साधी अडचण असेल. ती अडचण आम्ही दुरून हिणवू इच्छित नाही. भीती दाखवणारे हात बघ्याच्या हातांहून वेगळे असतात, आणि मोठा दोष त्या हातांचा. तरीही, जब्याच्या भोवतीची ती हसरी गर्दी आणि साक्षीच्या पिंजऱ्यातले हे मौन यांच्यात आम्हांला वाटते तेवढे अंतर नाही. डुक्कर पळताना हसणाऱ्याला मागून कुणी साक्षीला बोलावले तर तो काय सांगेल? आपण तिथे नव्हतो, असेच ना?

जामखेडचे नाव निघाले की 'सामना' आठवणे अपरिहार्य होते. फुटाण्यांनी निर्माण केलेला, विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९७४ सालचा; १९७५ मध्ये तो बर्लिनच्या महोत्सवात दाखल झाला होता. साखर कारखान्यांच्या जोरावर उभी राहिलेली गावोगावची सत्ता हा त्याचा विषय, आणि ज्या जिल्ह्यात प्रवरानगरला सहकारी साखर कारखानदारीची मुहूर्तमेढ रोवली गेली, त्या जिल्ह्याच्या वाचकांना तो समजावून सांगावा लागत नाही. निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे पाटील आणि श्रीराम लागूंचा मास्तर यांची जुगलबंदी आजही तितकीच ताजी आहे. पण या वेळी आम्ही मास्तराकडे वेगळ्या कारणाने पाहिले. तो परका आहे, दारुडा आहे, कुणाचा काही लागत नाही. म्हणजे बघ्या होण्यास लागणारी सारी पात्रता त्याच्या अंगी आहे. हिंदुराव त्याला घरी नेतो, खाऊपिऊ घालतो, आपले वैभव हिंडवून दाखवतो. त्याला हवा आहे तो एक कृतज्ञ प्रेक्षक. मास्तर मात्र बघण्यावर थांबत नाही. मारुती कांबळे नावाच्या माणसाचे पुढे काय झाले, एवढाच प्रश्न तो धरून बसतो, आणि पुन:पुन्हा विचारतो. त्याच्या हाती पुरावा नाही, अधिकार नाही, धड शुद्धही नाही. फक्त एक प्रश्न आहे, आणि तो विचारला जातो तोवर त्या वैभवाच्या भिंतींना तडे जात राहतात. त्यानंतर चाळीस वर्षांनी, निर्मात्याच्याच तालुक्यात, तोच प्रश्न वेगळ्या नावाने उभा राहावा आणि तो विचारणारा गावातला एखादा मास्तर न्यायालयात टिकू नये, हा योगायोग मानून पुढे जाणे आम्हांला जमत नाही.

या पार्श्वभूमीवर 'साबर बोंडं' पाहणे हा निराळाच अनुभव होता. रोहन कानवडे यांचा हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट जानेवारी २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात दाखवला गेला आणि जागतिक कथाचित्रपटांच्या विभागातले सर्वोच्च परीक्षक-पारितोषिक त्याला मिळाले. १९ सप्टेंबर २०२५ रोजी तो भारतात प्रदर्शित झाला. वडील वारल्यामुळे मुंबईचा आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. तिथे त्याला लहानपणीचा मित्र बाळ्या भेटतो, आणि दोघांमधला जुना जिव्हाळा पुन्हा जागा होतो. दोघांच्याही मागे लग्नाचा तगादा आहे. कथा म्हणावी तर एवढीच.

येथेही बघे आहेत, आणि ते दुष्ट नाहीत. ते काका आहेत, मावश्या आहेत, शेजारी आहेत. दु:खात धावून आलेली आपलीच माणसे. त्यांच्या नजरेत माया आहे, पण चौकशीही आहे. वय किती झाले, मुलगी का पाहत नाही, इतके दिवस कशासाठी थांबला? सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधले परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. परंतु ओट्यावर बसून विचारलेल्या या प्रश्नांविरुद्ध दाद मागायला कोणतेच न्यायालय नसते. घरात सुतकाची गर्दी, म्हणून दोघांना एकांत मिळतो तो घराबाहेर, शिवारात, झाडाखाली. शहरात माणूस दार लावून घेतो. गावात त्याला मोकळ्या रानाचा आसरा घ्यावा लागतो. ग्रामीण कथा-कादंबऱ्यांची किती पाने आम्ही वाचली असतील, पण रानाचा हा उपयोग इतक्या सहजपणे आम्हांला क्वचितच वाचायला मिळाला.

कॅमेरा इथे बहुधा स्थिर आहे, आणि पार्श्वसंगीत नाही. कुठे गलबलावे, कुठे हसावे याची सूचना कुणी देत नाही. आरंभी ही संथ गती आम्हांला थोडी जड गेली, हे नमूद करायला हवे. काही प्रसंग आणखी आवरले असते तर चित्रपटाचे नुकसान झाले नसते असेही वाटते. पण हळूहळू ध्यानात आले, की दिग्दर्शक आपल्याला एका विशिष्ट प्रकारे बघायला लावतो आहे. तो जवळ नेऊन कुतूहल भागवत नाही. सुतकात आलेला समंजस पाहुणा जसा ओसरीच्या कडेला बसतो, फार बोलत नाही आणि उठूनही जात नाही, तसे तो आपल्याला बसवतो.

आणि मग आनंदची आई. जयश्री जगताप यांनी ती इतक्या कमी हालचालींत उभी केली आहे, की तिच्याविषयी लिहितानाही आवाज खाली आणावासा वाटतो. तिला आपल्या मुलाविषयी सारे ठाऊक आहे. ती त्याचा गाजावाजा करीत नाही, त्याच्यावर भाषण देत नाही. नातेवाइकांचे प्रश्न मुलापर्यंत पोचण्याआधी आपल्या परीने थोपवून धरते. नुकत्याच विधवा झालेल्या बाईने आपल्या दु:खातून सवड काढून हे करावे, ही साधी गोष्ट नव्हे. तिनेही पाहिले आहे, पण पाहिलेल्याचा तिने आडोसा केला आहे. 'फॅंड्री'तल्या जब्याने लपण्यासाठी जो आडोसा जिवाच्या आकांताने शोधला आणि जो त्याला मिळाला नाही, तो इथे एका माणसाच्या रूपाने भेटतो. 'साबर बोंडं' गावाला फार हळवे करून दाखवतो, असा एक आक्षेप आमच्या मंडळींत निघाला. आम्हांला तो पटला नाही. गाव तेच आहे, प्रश्नही तेच आहेत. एक माणूस मात्र मध्ये उभा राहिला आहे.

आता आमच्या व्यवसायाविषयी थोडे. ग्रामीण आणि दलित साहित्य शिकवताना आपण सर्रास वापरतो ते विशेषण म्हणजे 'अस्सल'. भाषा अस्सल, अनुभव अस्सल, वातावरण अस्सल. या चित्रपटांची परीक्षणेही याच शब्दाने भरलेली आहेत. आमच्या मते हा शब्द काही काळ बाजूला ठेवावा. माल अस्सल आहे की नाही, हे तपासतो तो गिऱ्हाईक. मेंढरे खरी, चिखल खरा, शिव्या खऱ्या, असे म्हणून आपण समाधानाने मान डोलावतो, तेव्हा आपण त्या चिखलाच्या बाहेर, कडेला उभे असतो. परीक्षेत 'फॅंड्रीतील वास्तवदर्शन स्पष्ट करा' असा प्रश्न विद्यार्थ्याला टाकला की तोही दहा गुणांचे वास्तव स्पष्ट करतो आणि सुटतो. त्याऐवजी वर्गात असे विचारावे: या प्रसंगात कोण कोण बघत आहे? ते कुठे उभे आहेत? त्यांना काय दिसते, आणि पुढे विचारले असता ते काय सांगतील? कवितेलाही हे प्रश्न लागू पडतात, कादंबरीलाही. शिवाय वर्गात बसलेल्यांपैकी काही जण जब्याच्या बाजूचे असतात आणि काही कडेच्या गर्दीच्या घरांतून आलेले असतात, ही गोष्ट 'अस्सल' या शब्दाखाली झाकली जाते. या प्रश्नांनी ती उघडी पडेल. ते अवघड जाईल, हे आम्ही जाणतो. आपल्या जिल्ह्यात तर अधिकच.

चित्रपटाने समाज बदलतो, असा आमचा भाबडा विश्वास नाही. 'फॅंड्री' राज्यभर गाजत असतानाच खर्डा घडले, ही वस्तुस्थिती समोर आहे. पण पाहण्याला वळण लावणे हे साहित्याचे आणि चित्रपटाचे जुने काम आहे, आणि ते फावल्या वेळी चित्रपट पाहणाऱ्यांवरही होऊ शकते. बघणाऱ्याला कडेवरून हलवण्याचे तीन मार्ग या चित्रपटांत दिसतात: जब्याचा दगड, मास्तराचा प्रश्न आणि त्या माउलीचा आडोसा. दगड प्रत्येकाला झेपेल असे नाही, आणि तो झेपावा असे आम्ही म्हणणारही नाही. प्रश्न विचारणे हे शिक्षकाचे वेतनाचेच काम आहे. आडोसा होणे तर कुणालाही जमण्यासारखे आहे. त्यासाठी वेळेवर तिथे असावे लागते आणि पाहिलेले विसरून चालत नाही.